अटी न सांगता दिलेला वर

मॅजिकल गर्ल हा जपानी अ‍ॅनिमेतला प्रकार आता साठीच्या घरात आलाय. एक शाळकरी मुलगी, तिच्या हाती लागलेली छडी नाहीतर आरसा, सोबत बोलणारा एखादा गोंडस प्राणी. मग रिबिनी, चमचम, पोशाख बदलणं आणि अडल्यानडल्याला वाचवणं. 1966 साली तोएई या स्टुडिओने 'सॅली' नावाच्या छोट्या जादूगारणीची मालिका आणली तिथून हा ओघ धरता येतो, आणि 1992 मध्ये सुरू झालेल्या 'सेलर मून'ने तो जगभर पोचवला. याच घरात एक काळोखी शाखाही वाढली. मला तिच्याबद्दल लिहायचंय, कारण इतक्या वर्षांत पाहिलेल्या अ‍ॅनिमेपैकी याच मालिका माझ्या मनातून हलत नाहीत, आणि त्यांच्याबद्दल मराठीत बोलायला माणसं फार कमी भेटतात.

'डार्क' म्हटलं की बहुतेकांना रक्त आठवतं. रक्त मारामारीच्या कुठल्याही अ‍ॅनिमेत मुबलक सांडतं. इथला काळोख येतो तो वरातून. कुणीतरी मोठं, जाणतं, एखाद्या मुलीला शक्ती देतं आणि तिची किंमत सांगत नाही. किंमत कळते तेव्हा मुलगी एकटी असते. त्या क्षणी गोष्ट तिच्या शेजारी उभी राहते, की लांबून तिची फरफट बघत बसते, यावर माझ्या लेखी मालिकेचं बरंवाईट ठरतं.

पुढे शेवटांबद्दल मोकळेपणाने लिहिलंय. 'मादोका मागिका' पाहिली नसेल तर आधी ती बघा. बारा भाग आहेत, पाच तासांच्या आत होतात.

'मादोका' 2011 सालची. स्टुडिओ शाफ्ट, दिग्दर्शक आकियुकी शिनबो, लेखक गेन उरोबुची. पात्रं काढली उमे आओकी यांनी, गोल चेहऱ्यांची, बघताच लळा लागावा अशी. चेटकिणींची दुनिया मात्र गेकिदान इनु करी या जोडीने वेगळ्याच हाताने रचली: कापलेले कागद, जुन्या कापडाचे तुकडे, कात्र्या, मिशा लावलेले कापसाचे गोळे. तुकतुकीत अ‍ॅनिमेशन चालू असताना एकदम पडदाच बदलल्यासारखं होतं आणि त्या मुलींइतकंच आपल्यालाही कळेनासं होतं की आपण नक्की कुठे आलो. वर युकी काजिउरांचं संगीत. मालिकेबद्दल कुणी काहीही म्हणो, त्या संगीताबद्दल माझं कुणाशी दुमत झालेलं आठवत नाही.

क्यूबे नावाचा एक पांढरा, लांब कानांचा प्राणी आठवी-नववीतल्या मुलींना गाठतो आणि म्हणतो, तुझी कुठलीही एक इच्छा पुरी करतो, बदल्यात चेटकिणींशी लढायचं. मामी नावाच्या मुलीच्या वाट्याला विचार करायलाही वेळ आला नव्हता. गाडीच्या अपघातात ती मरायला टेकली होती, तेव्हा तिने जीव मागितला. क्योकोने मागितलं की बाबांचं प्रवचन लोकांनी ऐकावं. सायाकाने मागितलं की तिला आवडणाऱ्या मुलाचा निकामी झालेला हात बरा व्हावा, त्याने पुन्हा व्हायोलिन वाजवावं. यातली एकही इच्छा हावरट नाही. चौदा वर्षांची मुलगी मागून मागून काय मागणार?

तिसऱ्या भागात मामी मरते, आणि बहुतेक लोक मालिकेबद्दल बोलताना तिथेच थांबतात. माझ्यासाठी खरा घाव सहाव्या भागात आहे. मालिकेची नायिका मादोका मैत्रीण सायाकाच्या काळजीपोटी तिचा जादूचा खडा पुलावरून खाली फेकते, तो एका धावत्या ट्रकवर पडतो आणि सायाका जागच्या जागी कोसळते. क्योको तिची नाडी बघते. मेलेली. मग क्यूबे शांतपणे सांगतो की करार झाला तेव्हाच तुमचा जीव शरीरातून काढून त्या खड्यात ठेवलाय. शरीर आता वापरायचं अवजार, खड्यापासून शंभर मीटरच्या पुढे गेलं की चालत नाही. त्यात अन्याय काय, हे त्याला खरोखर उमगत नाही. आधी का नाही सांगितलंस, या प्रश्नावर त्याचं उत्तर तयार असतं: तुम्ही विचारलं नाहीत.

हा भाग मी माझ्या भाचीबरोबर पुन्हा पाहिला. ती आठवीत आहे. तिने तिथे थांबवायला लावलं.

"मावशी, पण हिला काय विचारायचं हेच माहीत नव्हतं ना? मग विचारणार कशी?"

यापेक्षा नेमकं मी या मालिकेबद्दल कुठे ऐकलेलं नाही. फसवणूक खोट्यातच असते असं नाही. क्यूबे अख्ख्या मालिकेत खोटं बोलत नाही. कुठला प्रश्न विचारायला हवा होता ते मात्र फक्त त्यालाच ठाऊक असतं.

श्रावणात आजी रविवारी आदित्यराणूबाईची कहाणी वाचायची. त्यात ब्राह्मण वसा मागतो तेव्हा देणाऱ्या लगेच देऊन मोकळ्या होत नाहीत. उलट अडवतात: तुला रे वसा कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील. तो म्हणतो, उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. मग त्या काय करायचं, कधी करायचं, उद्यापन कसं करायचं, सगळं सांगतात. घेणाऱ्याला परत फिरायची वाट आहे, आणि काय घेतोय ते त्याला माहीत आहे. लहानपणी तो भाग मला नुसता पालुपदासारखा वाटायचा. 'मादोका' पाहिल्यावर त्या अडवण्याची किंमत कळली. क्यूबे एकदाही अडवत नाही. तो रोज येतो, खिडकीत बसतो, आणि मुलगी अगदी मोडलेली असते नेमक्या त्याच वेळी पुन्हा विचारतो.

सायाकाचं पुढे काय होतं तेही याच धाग्यात बघायला हवं. मुलाचा हात बरा होतो, तो वाजवू लागतो, आणि तिची मैत्रीण त्याच्यावरचं प्रेम बोलून दाखवते. सायाकाला वाटतं, मी आता माणूसच नाही, कुठल्या तोंडाने त्याच्यापुढे जाऊ? आठव्या भागात रात्रीच्या ट्रेनमध्ये दोन पुरुष आपल्या मैत्रिणींना कसं पिळायचं यावर हसत असतात. सायाका त्यांना विचारते की हे जग वाचवण्याच्या लायकीचं आहे का. पुढे स्टेशनच्या बाकावर ती क्योकोला म्हणते, मी किती मूर्ख होते. डोळ्यातलं पाणी काळ्या पडलेल्या खड्यावर पडतं आणि ती स्वतःच चेटकीण होते. जिच्याशी लढायचं म्हणून करार केला, ती प्रत्येक चेटकीण पूर्वी अशीच एक मुलगी होती. क्यूबेच्या जमातीला विश्वाची सरत चाललेली ऊर्जा भरून काढायचीय, आणि आशेतून निराशेत कोसळणाऱ्या मुलीइतकी ऊर्जा त्यांना दुसरीकडे मिळत नाही. हिशोब अगदी स्वच्छ आहे. मुली इंधन आहेत.

एवढंच असतं तर मी ही मालिका कुणाला बघायला सांगितली नसती. तिला पेलून धरते ती मादोकाची आई. जुनको नोकरी करते, बाबा घर सांभाळतात. पहिल्या भागात सकाळी मायलेकी आरशापुढे उभ्या राहून दात घासताघासता शाळेतल्या गप्पा मारतात. मादोका दोन रिबिनी दाखवून विचारते, कुठली बांधू? आई लाल रिबीन निवडते. किती साधी सकाळ आहे ही. शेवटच्या भागात मादोका मागते की भूतकाळातल्या, भविष्यातल्या सगळ्या चेटकिणी जन्मायच्या आधीच मला माझ्या हातांनी नाहीशा करू दे. ते खरं होतं, पण त्याबरोबर ती जगातून पुसली जाते. आपल्याला मुलगी होती हे आईलाही आठवत नाही. नदीकाठी धाकटा तात्सुया मातीत कुणा मादोकाचं चित्र काढत असतो. तिथे आलेल्या होमुराच्या, मादोकाच्या मैत्रिणीच्या, केसांत तीच लाल रिबीन असते. जुनको तिच्याकडे बघून म्हणते, किती छान आहे, अगदी माझ्या आवडीची. मुलगी असती तर तिला बांधली असती.

त्याआधी अकराव्या भागात वादळामुळे सगळे निवाऱ्याला जमलेले असताना मादोका बाहेर निघते आणि आई तिला जिन्यात गाठते. मुलीला काय करायचंय ते आईला ठाऊक नाही. ती एवढंच विचारते की तू चुकणार नाहीस ना, कुणाच्या खोट्याला भुलली नाहीस ना. मुलगी नाही म्हणते, आणि आई तिच्या पाठीवर थाप मारून जाऊ देते. अडवायचं, विचारायचं, ऐकायचं आणि मग सोडायचं. क्यूबेने जे अकरा भागांत केलं नाही ते आई एका मिनिटात करते. हा भाग ठरलेल्या वेळी लागला नाही. दहावा भाग 10 मार्चच्या मध्यरात्रीनंतर ओसाकाच्या वाहिनीवर दाखवला गेला आणि काही तासांत, 11 मार्चच्या दुपारी, तोहोकूचा भूकंप आणि त्सुनामी आली. प्रसारण थांबलं. शेवटचे दोन भाग एप्रिलच्या 21 तारखेच्या उत्तररात्री एकत्र आले. खऱ्याखुऱ्या निवाऱ्यांत लोक राहत असलेल्या देशात तो जिन्यातला प्रसंग लोकांनी कसा पाहिला असेल, हा विचार मला दर वेळी येतो.

'मादोका'ने हा सगळा प्रकार उलटा केला असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. काळोख आधीपासून होता. 1982-83 च्या 'मिंकी मोमो'मध्ये नायिका ट्रकखाली सापडून मरते. 'सेलर मून'च्या पहिल्या पर्वाच्या अखेरीला नायिका उसागीच्या चारही मैत्रिणी उत्तर ध्रुवावरच्या बर्फात एकेक करून जीव देतात, आणि ही मुलांच्या वेळेला लागणारी मालिका होती. सगळ्यांत जवळचं उदाहरण 1994 च्या 'मॅजिक नाइट रेअर्थ'चं, क्लॅम्प या लेखिका-चित्रकारांच्या गटाच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, केलेली. शाळेच्या सहलीला टोकियो टॉवरवर आलेल्या तीन मुलींना एक राजकुमारी दुसऱ्या जगात बोलावते. मुलींना वाटतं, तिला दुष्ट पुरोहिताच्या कैदेतून सोडवायचंय. त्या त्याला मारतात. मग कळतं की त्या जगाचा तोल राजकुमारीच्या प्रार्थनेवर होता, तिने फक्त जगासाठी प्रार्थना करायची होती, आणि ती याच पुरोहिताच्या प्रेमात पडली. तिला आता मरायचं होतं. त्या जगातलं कुणी तिला मारू शकत नाही, म्हणून तिने बाहेरून मुली बोलावल्या. तिघी तिला मारतात आणि रडत टोकियो टॉवरवर परततात. इथेही काम आधी सोपवलं गेलं, ते काय होतं ते नंतर कळलं.

'मादोका'नंतर तशा मालिकांची रांग लागली. त्यातली मला मनापासून आवडते ती 2014 ची 'युकी युना'. शिकोकू बेटावरच्या कागावात घडते, मुली उठसूट उदोन नावाच्या जाड शेवया खातात, शाळेत त्यांचं 'वीर मंडळ' आहे जे गावात कुणाची हरवलेली मांजर शोधून दे, बालवाडीत बाहुल्यांचा खेळ कर, असली कामं करतं. या मुली मरत नाहीत. मालिकेने मरणाची वाटच बंद केलीय. लढताना पूर्ण शक्ती वापरली की शरीरातलं एकेक काही जातं. युनाची चव जाते, तोगोला एका कानाने ऐकू येत नाही, फूचा डावा डोळा जातो, तिची धाकटी बहीण इत्सुकी मुकी होते. डॉक्टर म्हणतात, थकव्यामुळे झालंय, येईल परत. आधीच्या लढायांत 20 वेळा पूर्ण शक्ती वापरलेली एक मुलगी त्यांना भेटते. ती अंथरुणाला खिळलेली आहे आणि लोक तिला देव मानून हात जोडतात.

नवव्या भागात फूला फोन येतो. इत्सुकीने आवाज जाण्याआधी गाणं ध्वनिमुद्रित करून पाठवलं होतं, आणि ती निवडली गेलीय. फोनवरचं माणूस अभिनंदन करतंय. फू त्या माणसाला काय सांगणार? धाकटीला मंडळात तिनेच आणलं होतं, वरून आलेल्या हुकमावर विश्वास ठेवून. ती तलवार घेऊन त्या वरच्यांवरच धावून जाते. युना तिला रोखते, पण तिला थांबवते ती इत्सुकीची मिठी, जिला आता तोंडाने काहीच सांगता येत नाही. शेवटी सगळ्यांना सगळं परत मिळतं, आणि तो शेवट मला हलका वाटतो. तरीही देवत्वाच्या नावाखाली मुलींची शरीरं कशी खर्ची टाकली जातात, हे इतक्या जवळून दाखवणारी दुसरी मालिका मी पाहिलेली नाही.

काही मालिका मी कुणाला सुचवत नाही. 2016 च्या 'मॅजिकल गर्ल रेझिंग प्रोजेक्ट'मध्ये मोबाइल गेममधून सोळा जणी निवडल्या जातात आणि आठच उरायच्या असतात. ती बांधून ठेवते, पण पुढची कोण, एवढंच मनात राहतं. 2018 ची 'मॅजिकल गर्ल साइट' तर मुलीचा छळ इतक्या चवीने दाखवते की मी ती अर्ध्यावर बंद केली. तिथे गोष्ट मुलीच्या शेजारी नसतेच.

ही चव ज्या मालिकेने आधीच ओळखली होती ती 2002 ची 'प्रिन्सेस तुतू'. माझी सर्वांत लाडकी. कल्पना इकुको इतो यांची, ज्यांनी 'सेलर मून'साठी पात्रं काढली होती. दिग्दर्शनाची धुरा जुनइची सातो यांच्याकडे. नाव बघून लोक पुढे जातात, फार मोठं काहीतरी गमावतात. एक बदक आहे. दुःखी राजपुत्राला पाहून तिला वाटतं, याच्यासाठी काहीतरी करावं. ड्रॉसेलमायर नावाचा एक मेलेला लेखक तिला मुलगी बनवतो, गळ्यातल्या लोलकाने ती बॅले नाचणारी राजकन्या होते आणि राजपुत्राच्या हृदयाचे विखुरलेले तुकडे परत आणते. अट अशी की प्रेम बोलून दाखवलं तर ती प्रकाशाचा ठिपका होऊन विरून जाईल. आणि लेखकाला नेमकं तेच हवंय. तो दातेरी चाकांमागे बसून टाळ्या पिटत असतो, कारण त्याला शोकांतिकेची चटक लागलीय.

इथे वर देणारा आणि गोष्ट सांगणारा एकच आहे. मुलीला दुःख कुणासाठी भोगायला लावलं जातंय, हा प्रश्न मालिका थेट त्या लेखकाला विचारते, आणि बघणाऱ्यालाही. हृदयाचा शेवटचा तुकडा तिच्याच लोलकात असतो. तो दिला की ती कायमची बदक होणार. ती देते. मग कावळ्यांच्या गराड्यात ते छोटं बदक, राजकन्या नसलेलं, जादू नसलेलं, नाचत राहतं. चोची बसतात, पडतं, पुन्हा उठून नाचतं. चायकोव्स्कीचं संगीत अनेकदा ऐकलं होतं, पण तिथे ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं. आणि राजपुत्राचा सोबती फाकिर, जो एव्हाना स्वतः लिहू लागलाय, तिची गोष्ट ड्रॉसेलमायरच्या हातून काढून घेऊन तिच्या सोबतीने लिहितो.

1997 ची 'युतेना' याच कुळातली, 39 भागांची, कुनिहिको इकुहारांची. ती सावकाश बघावी लागते, मधले काही भाग रेंगाळतात. पण अँथीसाठी बघाच. द्वंद्व जिंकणाऱ्याच्या मालकीची होणारी ही 'गुलाबाची नवरी' शेवटी आपल्या भावाला, जो पुढच्या द्वंद्वाच्या तयारीला लागलाय, तसाच सोडते आणि शाळेच्या फाटकातून बाहेर चालू लागते. तिला कुणी सोडवलेलं नसतं. नायिका युतेनाने हात पुढे केला होता, निघाली ती स्वतः.

2021 ची 'वंडर एग प्रायॉरिटी' सुचवताना माझा हात अडतो. आत्महत्या केलेल्या मुलींना स्वप्नात वाचवायला जाणाऱ्या चौघींची ही गोष्ट. सुरुवातीचे भाग अपार मायेने केलेत. छळणाऱ्याचा चेहरा, घाबरलेल्या मुलीचा श्वास, मैत्रिणींचे फुटकळ विनोद, सगळं खरं. मग उत्तरार्धात मुलींच्या दुःखाचं कारण बाहेरच्या एका कृत्रिम मुलीच्या कोड्यात शोधलं जातं, आणि पुरवणीच्या भागातही तो गुंता सुटत नाही. मोठ्यांनी बघावी. मन आधीच खचलेलं असेल तर मोठ्यांनीही नको.

भाचीला मी आधी 'तुतू' दाखवली, मग 'मादोका'. 2013 चा 'रिबेलियन' हा सिनेमा मात्र लगेच लावू दिला नाही, मध्ये एक सत्र जाऊ दिलं. त्यात होमुरा, जिने मैत्रिणीला वाचवण्यासाठी तोच महिना पुन्हापुन्हा जगून काढला, ती मादोकाला तिने निवडलेल्या जागेवरून ओढून परत जगात आणते. फुलांच्या शेतात मादोका तिला म्हणालेली असते की सगळ्यांना सोडून लांब एकटं जाणं मला कधीच जमणार नाही. पण तेव्हा मादोकाला आपण काय केलंय ते आठवत नसतं. होमुरा तेच तिचं खरं मन मानते आणि तिला न विचारता सगळं जग बदलते.

मी मादोकाच्या बाजूची आहे. तिने सगळं ऐकून, आईच्या डोळ्यात बघून निर्णय घेतला होता, तो मोडायचा हक्क प्रेमालाही नाही असं मला वाटतं. भाची होमुराच्या बाजूची. तिचं म्हणणं, "मावशी, ती चौदा वर्षांची आहे. तिने कायमचं नाहीसं व्हायला हो म्हटलं आणि तुम्ही सगळे मोठे म्हणता, वा, किती छान निर्णय. तिला कुणीतरी परत आणायला नको?" याला माझ्याकडे अजून उत्तर नाही, आणि पुढचा सिनेमा येईपर्यंत आम्ही यावर भांडत राहणार आहोत.